पेशंट नंबर चाळीसची हिरडी

वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी अप्पा तळपद्यांनी दातांना तारा बसवून घेतल्या, ही बातमी नारळवाडीत अप्पांच्या आधी पोचली. परळहून टॅक्सी केली असती तर कदाचित अप्पा आधी पोचले असते. पण ते बसने आले, आणि त्यांच्या पुढच्याच बाकावर वाडीतल्या प्रितीची आई बसली होती. तिने भायखळ्यापर्यंत धीर धरला, मग फोन काढला. अप्पा गिरगावात उतरून वाडीच्या तोंडाशी आले तेव्हा दोन्ही बाजूंच्या गॅलऱ्यांत माणसं उभी होती. एरवी अशी माणसं विसर्जनालाच उभी राहतात.

"अप्पा, जरा हसा बघू!" वरून कोणीतरी म्हणालं.

अप्पा हसले नाहीत. एक तर ओठ बधिर होते, आणि दुसरं म्हणजे हे कार्य हसण्यावारी नेण्याचं नव्हतं. हे संशोधन होतं.

संशोधन नूपुरचं होतं. नूपुर ही अप्पांची एकुलती एक मुलगी, परळच्या एका डेंटल कॉलेजात दात सरळ करण्याच्या शाखेत शेवटच्या वर्षाला. तिचा प्रबंध हिरडीच्या जाडीवर होता. तारांनी दात सरकतात, तेव्हा खालच्या पुढच्या दातांवरची हिरडी पातळ होते का, आणि होत असेल तर किती, हे तिला चाळीस पेशंटांच्या तोंडात मोजायचं होतं. एकदा तारा बसवण्याआधी आणि एकदा सहा महिन्यांनी. हिरडीला जाडी असते आणि ती मोजण्यासाठी शिकलेली माणसं दिवसरात्र राबतात, हे अप्पांना त्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हतं. गिरगावात माणसाचं माप अनेक बाजूंनी घेतलं जातं, पण आतून घेण्याची पद्धत अजून आलेली नव्हती.

एकोणचाळीस पेशंट जमले होते. चाळीसावी श्रेया नावाची कॉलेजातली मुलगी. तिच्या वडिलांची बदली इंदूरला झाली, आणि ती पहिलं माप देऊन, तारांसकट, मध्य प्रदेशात निघून गेली. हे सगळं जूनच्या पहिल्या आठवड्यात. प्रबंध डिसेंबरअखेर द्यायचा. सहा महिन्यांनंतर मापं लिहून काढायला वेळ ठेवायचा, तर नवा पेशंट शोधायला चारच दिवस हातात होते. प्रबंध हुकला तर परीक्षा सहा महिने पुढे, आणि दादरच्या ज्या दवाखान्याने नूपुरला परीक्षेनंतर लगेच ये म्हणून सांगितलं होतं, तो दवाखाना काही तिच्यासाठी खुर्ची झाकून ठेवणार नव्हता.

"उद्या मॅडमना विचारते, एकोणचाळीस चालतील का," नूपुर जेवताना म्हणाली. मॅडम म्हणजे तिच्या मार्गदर्शक, डॉक्टर इरावती राजाध्यक्ष.

अप्पांनी ताटातला हात वर केला. "विचारायचं नाही."

"का?"

"वरिष्ठांना विचारलं की नकार येतो. न विचारता कागद पुढे ठेवला की सही होते. माझी एकतीस वर्षं गेलीत यात."

ही एकतीस वर्षं अप्पांनी एका विमा कंपनीच्या क्लेम खात्यात काढली होती. लोकांच्या अर्जात काय नाही, हे शोधण्याचा त्यांना अजूनही पगार मिळे. अपघात नेमका कुठे झाला हे लिहिलंय, पण किती वाजता हे नाही; डॉक्टरांची सही आहे, पण शिक्का उलटा. असे कागद त्यांनी हजारोंनी परत पाठवले होते. जेवण झाल्यावर त्यांनी नूपुरच्या संशोधनाचा मंजूर आराखडा मागितला, चष्मा पुसला, आणि लाल पेन्सिल घेऊन बसले. वीस मिनिटांनी आतून आवाज आला, "सापडलं!"

दुर्गाबाई ओट्यापाशी होत्या. त्यांना वाटलं, त्यांच्या मंगळसूत्राचं तुटलेलं पेंडंट.

"कलम चार. पेशंटचं वय अठराच्या वर हवं, एवढंच लिहिलंय," अप्पा कागद नाचवत आले. "वरची मर्यादा लिहायची राहिलीय. म्हणजे कायद्याने छप्पन्नसुद्धा चालतं."

"मग?" नूपुर म्हणाली.

अप्पांनी खालचा ओठ बोटाने खाली ओढला. त्यांचे खालचे पुढचे चार दात लालबागच्या दर्शनाच्या रांगेतल्या माणसांसारखे एकमेकांच्या खांद्यावरून पुढे डोकावत होते. हे दात पंचेचाळीस वर्षं तसेच होते आणि त्यामुळे अप्पांचं काही अडलेलं नव्हतं. पण आता त्यांना राष्ट्रीय महत्त्व आलं.

"बाबा, नाही," नूपुर म्हणाली. "दीड-दोन वर्षं राहतात तारा. सुई टोचतात हिरडीत."

"अहो, तुम्हाला रक्त तपासायला न्यायचं तर दोन माणसं लागतात," दुर्गाबाई म्हणाल्या.

"तेव्हा कारण किरकोळ होतं," अप्पा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते कॉलेजात केसपेपरच्या खिडकीशी उभे राहिले. खिडकीत स्वप्नील नावाचा तरुण कारकून होता. त्याने आधारकार्ड पाहिलं आणि अर्ज परत सरकवला.

"काका, इथे अप्पा लिहिलंय. कार्डावर पद्मनाभ आहे."

"सगळे अप्पाच म्हणतात."

"सगळ्यांना इथे सही करायची नाहीये. नवा फॉर्म घ्या. तीन नंबर खिडकी."

तीन नंबर खिडकी जेवायला गेली होती. ती परत आल्यावर कळलं की फॉर्म संपलेत आणि झेरॉक्स समोरच्या गल्लीत मिळते. झेरॉक्स आणली तर मूळ फॉर्मवरचा शिक्का झेरॉक्सवर चालत नाही. दीड तासाने अप्पांचा केसपेपर झाला, तेव्हा त्यांच्या मनात संताप नव्हता. स्वप्नीलकडे ते हरलेला उस्ताद चांगल्या पठ्ठ्याकडे पाहतो तसे पाहत होते. तोच केसपेपर नूपुरने बापाच्या सल्ल्याप्रमाणे इतर अकरा कागदांच्या मधोमध घालून मॅडमपुढे ठेवला. मॅडमनी बाराच्या बारा कागदांवर सह्या केल्या. अप्पा पेशंट नंबर चाळीस झाले.

पहिलं माप नूपुरनेच घेतलं. हिरडीला बधिर करणारं जेल लावलं. मग केसासारखी बारीक सुई, तिच्यावर सरकणारी रबराची चिमुकली चकती. सुई आत कठीण लागेपर्यंत जाते, चकती हिरडीला टेकते, आणि मग टोकापासून चकतीपर्यंतचं अंतर मोजतात. अप्पांनी डोळे मिटून व्यंकटेशस्तोत्र म्हणायला घेतलं. तोंड उघडं असल्यामुळे त्यातले फक्त स्वर ऐकू आले.

"शून्य पूर्णांक चौऱ्याऐंशी," नूपुरने लिहून घेतलं.

"सेंटिमीटर?"

"मिलिमीटर, बाबा."

"एक मिलिमीटरसुद्धा नाही?" अप्पा खुर्चीत उठून बसले. "बाकीच्यांची किती आहे?"

"बहुतेकांची एकच्या वर आहे. तुझी पातळ प्रकारात मोडते. असते काहींची."

अप्पा पुन्हा मागे टेकले. शाळेत कधी ते चौऱ्याऐंशीच्या खाली आले नव्हते, पण तिथे ते शंभरापैकी असत. इथे शून्य पूर्णांकाने घात केला होता.

त्यानंतरचे काही महिने हालअपेष्टांचे होते, आणि अप्पांनी त्या मोठ्याने सोसल्या. ऑफिसात चेहरा ओळखून हजेरी लावणारं यंत्र नवीन बसलं होतं. सुजलेल्या ओठांमुळे त्याने तीन दिवस अप्पांना ओळखायला नकार दिला. चौथ्या दिवशी त्याने त्यांना ऑफिसचे खजिनदार म्हणून ओळखलं. घरी कुरल्या बंद झाल्या, कारण खेकड्याची नांगी फोडताना तार तुटते. दुर्गाबाईंनी कोबीचं भानोळं भाजलं तर त्यातली कोलंबी तारेत अडकून बसे, आणि तळपद्यांसारख्या मासेखाऊ परभू घराण्यातला माणूस वरणभातावर आला. गणपतीत मोदक चालले, पण दिवाळीत एका चकलीने पुढची कडी उडवली. ती कडी सोफ्याखाली शोधताना अख्खं कुटुंब भाऊबीजेच्या दिवशी जमिनीवर आडवं झालं होतं.

सल्ला मात्र वाडीत मुबलक होता. कुणी म्हणालं कोमट पाणी, कुणी बर्फ. समोरच्या घरातले रेमंड परेरा, गोदीतून निवृत्त झालेले, रोज संध्याकाळी बाकड्यावर अप्पांच्या तोंडात डोकावून जात. पण खरी ठिणगी त्यांनी टाकली ती ऑगस्टमध्ये.

"अप्पा, मला एक सांग मॅन. पोरीचं हे जे काय आहे, त्याचा रिझल्ट तुझ्या हिरडीवर आहे ना?"

"एक चाळीसांश," अप्पा म्हणाले.

"तेच बोलतोय मी. आणि तुझी पहिल्या टेस्टला किती?"

अप्पांनी आवाज खाली आणला. "पॉइंट चौऱ्याऐंशी."

"बाकीचे वनच्या वर." रेमंडनी मान हलवली. "आणि आता तारेमुळे अजून कमी होणार, बोलते ती. मग डिसेंबरला बापाची हिरडी नापास झाली तर पोरीच्या मॅडमला काय वाटणार?"

इथे एक गोष्ट सांगून टाकायला हवी. नूपुरच्या अभ्यासात कोणाचीही हिरडी पास किंवा नापास होणार नव्हती. जाड निघो की पातळ, जे असेल ते लिहायचं, एवढंच तिचं काम होतं. हे तिने अप्पांना दोनदा सांगितलं होतं. पण ज्या घरात तिसरीपासूनच्या प्रगतिपुस्तकांची फाइल आहे, त्या घरात आकडा आला की तो गुण असतो, आणि गुण वाढवायचे असतात. अप्पा त्या रात्री नीट जेवले नाहीत. अर्थात तारेमुळे ते रोजच नीट जेवत नव्हते, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी रेमंडच्या बायकोने, डोरोथीबाईंनी, कॉफीची एक जुनी बाटली आणून दिली. आत काळी पूड होती. बदामाची जाळलेली टरफलं, बाभळीची साल, लवंग, तुरटी आणि खडेमीठ.

"माझ्या नानीची आहे ही. नव्वद वर्षांची होऊन वारली, हाडकं चावत होती शेवटपर्यंत. बोटाने रगडायची, दिवसातून तीन वेळा. जोरात हां अप्पा, लाजत नको."

अप्पांना एक अडचण दिसत होती. त्यांनी सही केलेल्या संमतिपत्राच्या नवव्या कलमात स्पष्ट लिहिलं होतं, की सहा महिने कोणतंही औषधी मंजन किंवा मालिश करू नये. त्यांनी कलम पुन्हा वाचलं. औषधी मंजन. आता औषध म्हटलं की त्यावर लेबल हवं, कंपनी हवी, मुदत हवी. या बाटलीवर फक्त कॉफीचं लेबल होतं. आणि मालिश पाठीची होते. हिरडीचं होतं ते रगडणं. असा युक्तिवाद एखाद्या विमाधारकाने केला असता, तर अप्पांनी त्याला जिन्यापर्यंत हाकललं असतं. स्वतःचा अर्ज त्यांनी मंजूर केला.

साडेतीन महिने अप्पा दिवसातून तीनदा मोरीचं दार लावून हिरडी रगडत होते. दुर्गाबाईंना वाटलं पोट बिघडलंय, म्हणून त्यांनी ताक वाढवलं. नूपुर तारा आवळायला बोलवी तेव्हा अप्पा आदल्या दिवशी रगडणं बंद ठेवत आणि सकाळी तीनदा चूळ भरत. एकदा ती म्हणाली, "हिरडी लाल दिसतेय रे." अप्पा म्हणाले, "उन्हातून आलो."

डिसेंबरच्या पहिल्या सोमवारी दुसरं माप झालं. सुई आत गेली, चकती टेकली, नूपुरने आकडा पाहिला आणि पुन्हा मोजला. मग तिसऱ्यांदा.

"किती?" अप्पांनी विचारलं.

"एक पूर्णांक बासष्ट," ती हळूच म्हणाली.

अप्पांना तिचा पडलेला चेहरा आनंदाने थक्क झाल्यासारखा वाटला. चौऱ्याऐंशीवरून एकशे बासष्ट! परतीच्या वाटेवर त्यांनी एक किलो पेढे घेतले आणि वाडीत घरोघरी वाटले. कशाचे, असं कोणी विचारलं तर म्हणाले, "नूपुरचं काम फत्ते झालं." डोरोथीबाईंनी दोन पेढे जास्त घेतले, आणि तो त्यांचा हक्कच होता.

नूपुर संध्याकाळी आली ती रडतच. दुर्गाबाई धावल्या. अप्पांच्या हातात शेवटचा पेढा होता.

"मॅडम म्हणाल्या, एकोणचाळीस पेशंटांची हिरडी पातळ झाली आणि एकाची दुप्पट? तो एक नेमका तळपदे? म्हणाल्या, घरच्या माणसाचा आकडा घरी बसून लिहिलास का?" तिने डोळे पुसले. "आणि तुझा केसपेपर गठ्ठ्याच्या मधोमध घालून सही घेतली, तेही त्यांना आता आठवलं. सोमवारपर्यंत लेखी खुलासा द्यायचा. नाही पटला तर सगळी मापं पुन्हा तपासणार. म्हणजे झालंच. पुढच्या सहा महिन्यांवर गेलं. दादरचं कामही गेलं."

अप्पांनी पेढा बशीत ठेवला. तोवर त्यांना हिरडीला गुण नसतात, नुसती जाडी असते, एवढंही समजत नव्हतं. आता एकदम सगळं समजलं.

ते गॅलरीत आले. रेमंड बाकड्यावरच होते. सगळं ऐकून त्यांनी फोनवर शोधाशोध केली आणि चेहरा उजळला.

"सुटलास मॅन! ब्लडप्रेशरच्या एका टाइपच्या गोळीने हिरडी फुगते, इथे लिहिलंय. बोल, गोळी घेतो. पोरगी पण सुटली, तू पण सुटलास. कोणाला कळणार?"

अप्पांना रक्तदाब नव्हता. पण मार्ग सुंदर होता. रक्तदाब हा सभ्य आजार आहे. त्यात माणसाचा दोष नसतो, उलट थोडा मान असतो. एक जुनं प्रिस्क्रिप्शन, एक तारीख बदललेली... आणि इथे अप्पा थबकले. तारीख बदललेली प्रिस्क्रिप्शनं त्यांनी एकतीस वर्षं डोळ्यांजवळ धरून पकडली होती. अशा माणसांना ते केबिनमध्ये बोलवत, पाणी देत, आणि मग विचारत, "खरं काय झालं ते एका कागदावर लिहून द्याल?"

त्यांनी आत येऊन एक कागद घेतला.

"मी, खाली सही करणारा पद्मनाभ विनायक तळपदे, वय छप्पन्न, राहणार नारळवाडी, गिरगाव, लिहून देतो की," इथून सुरुवात झाली. पुढे तीन परिच्छेदांत त्यांनी बदामाची टरफलं, मोरीचं दार, रगडण्याच्या वेळा आणि कलम नऊचा आपण जाणूनबुजून लावलेला चुकीचा अर्थ, हे सगळं नोंदवलं. "सदर वाढ ही माझ्या मुलीच्या लेखणीतून नव्हे, तर माझ्या उजव्या हाताच्या तर्जनीतून झालेली आहे," असं शेवटचं वाक्य होतं. तीन प्रती काढल्या. कुणी मागितल्या नव्हत्या, पण तीन काढतातच.

सोमवारी मॅडमच्या खोलीत नूपुर, अप्पा आणि साक्षीदार म्हणून डोरोथीबाई असे तिघे गेले. डोरोथीबाईंनी रविवारचा चर्चचा फ्रॉक घातला होता आणि बाटली रुमालात गुंडाळून आणली होती. डॉक्टर राजाध्यक्षांनी कागद वाचला. वाचताना त्यांनी एकदा चष्मा काढला आणि बराच वेळ खिडकीबाहेर पाहिलं. मग अप्पांना खुर्चीत बसवून त्यांनी ओठ खाली ओढला.

"ही जाडी नाही, मिस्टर तळपदे. ही सूज आहे. नुसतं बोट लावलं तरी रक्त येतंय."

"डॉक्टर, सूज नाय ती, ताकद आहे," डोरोथीबाई म्हणाल्या. "माझी नानी..."

"तुमच्या नानीच्या तोंडात तारा होत्या?"

"नाय."

"मग बसा." मॅडम हात धुवायला वळल्या. "नूपुर, मी तुझ्यावर शंका घेतली, ती मागे घेते. पेशंट नंबर चाळीस वगळून टाक. सूचना पाळल्या नाहीत, असं कारण लिही. प्रबंध वेळेवर दे."

अप्पा खुर्चीतून अर्धे उठले. "पण मॅडम, मग एकोणचाळीसच राहतात. चाळीस लागतात ना?"

"छत्तीस लागतात. काही पेशंट मधेच गळतात, म्हणून चार जास्त धरले होते. आराखड्यात पान अकराला तळटीप आहे." त्यांनी नूपुरकडे पाहिलं. "ती मुलगी इंदूरला गेली तेव्हा तू मला विचारलं असतंस, तर मी दोन मिनिटांत सांगितलं असतं. का नाही विचारलंस?"

 नूपुरने मान वळवून बापाकडे पाहिलं. ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या तळटिपा वाचल्या, त्या अप्पांनी वर पंख्याकडे पाहिलं.

परतीची बस लालबागला आली. अप्पा नूपुरकडे वळले.

"मग आता या तारा काढता येतील ना? मी तर वगळलो गेलो."

"अभ्यासातून वगळलाय, बाबा. ट्रीटमेंटमधून नाही. दात अर्ध्या वाटेत आहेत. अजून तेरा महिने."

"तेरा?"

"आणि ती बाटली डोरोथी आँटींना आज परत जाणार."

मागच्या बाकावरून डोरोथीबाई म्हणाल्या, "ठेव रे अप्पा. तारा निघाल्यावर."

प्रबंध वेळेवर गेला. जानेवारीच्या अखेरीस त्याच्या बांधीव प्रती घरी आल्या, काळ्या कापडावर सोनेरी अक्षरं. नूपुर दादरला होती. दवाखान्याने परीक्षेपर्यंत शनिवारी-रविवारी येऊन काम बघून ठेव म्हणून सांगितलं होतं. अप्पांनी हात धुतले, चष्मा पुसला, आणि वरची प्रत घेऊन पहिल्या पानापासून वाचायला बसले. समजत काहीच नव्हतं, पण वाचायचं राहिलेलं एकही पान त्यांना आता परवडणारं नव्हतं. पान अकरा त्यांनी दोनदा वाचलं. सत्तेचाळिसाव्या पानाच्या तळाशी, बारीक इंग्रजीत, त्यांना ते सापडलं. एक पुरुष, वय छप्पन्न, सूचनांचे पालन न केल्यामुळे अभ्यासातून वगळण्यात आला आहे.

ते तसेच गॅलरीत गेले. "रेमंड! छापून आलोय मी!"

रेमंड आले, डोरोथीबाई आल्या, प्रितीची आई फोनसकट आली. सगळ्यांनी ओळ पाहिली.

"नाव कुठाय मॅन?"

"संशोधनात नाव देत नाहीत," अप्पा अभिमानाने म्हणाले. "गोपनीयता असते. जगात कोणाला कधी कळणार नाही हा कोण ते."

सगळे गेल्यावर त्यांनी ती ओळ पुन्हा एकदा वाचली. वय बरोबर. कारण बरोबर. शिक्षा योग्य. मग एकतीस वर्षांचा हात आपसूक खिशाकडे गेला, लाल पेन्सिल बाहेर आली, आणि ओळीच्या शेजारच्या समासात अप्पांनी लिहिलं, "पाहिले. बरोबर आहे." खाली पूर्ण सही केली, पद्मनाभ विनायक तळपदे, आणि तारीख घातली.

ती प्रत कॉलेजच्या ग्रंथालयाची होती. नूपुरने ती न उघडताच सोमवारी जमा केली. आजही सत्तेचाळिसावं पान उघडलं की पेशंट नंबर चाळीस कोण, ते स्पष्ट वाचता येतं.